आकाशाकडे पाठ

काल जुना अल्बम उघडला. त्या चिकट प्लॅस्टिकचा वास नाकात गेला आणि माझं डोकंच फिरलं.

नव्वदच्या दशकात आम्ही अमेरिकेत, नेपरव्हिलला नवीन होतो. एका संध्याकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला, "बाहेर पडा, नॉर्दर्न लाइट्स दिसताहेत!" गाडी काढून गावाबाहेरच्या मक्याच्या शेतापाशी गेलो. ध्रुवीय प्रकाशाने आकाश लालभडक झालं होतं आणि हळूहळू हलत होतं. मी जेमतेम एकदा पाहिलं, तोच नवरा कॅमेरा सरसावून म्हणाला, "इकडे बघ. नुसतं आकाश भारतातले घरचे कशाला बघतील? माणूस हवा फोटोत!"

"आई, टर्न अराउंड!" लेक ओरडत होती.

"हलू नकोस," हा म्हणाला. मी मुकाट हसत उभी राहिले. अख्खा रोल संपला, तोवर आकाशही विझलं.

प्रत्येक फोटोत फ्लॅशने पांढरीफटक पडलेली मी आणि मागे मिट्ट काळोख. अजूनही पाहुण्यांना तो ऐटीत सांगतो, "हिला विचारा, हिने नॉर्दर्न लाइट्स पाहिलेत!"

आणि संताप याचा येतो की मी दर वेळी म्हणते, "हो, काय सुंदर होते!"