होळीला दिलेला पाला

बाळांनो, तुम्ही घरामागच्या वाफ्यात काहीतरी लावलं आहे आणि ते वाढत नाही, असं तुमच्या आईने पत्रात कळवलं. आजीला विचारा, आजीची बाग छान होती, असंही तिने तुम्हाला सांगितलं म्हणे. बाग छान होती, पण माझी नव्हती. तुमच्या आजोबांची होती. माझ्या हातात ती एकच उन्हाळा आली. त्या उन्हाळ्याबद्दलच लिहिते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावला पिंप्राळ्यात आमचं घर होतं आणि घरापुढे दोन खोल्या मावतील एवढी मोकळी जागा. आजोबा धुळ्याकडच्या शेतकरी घरातले. नोकरी कचेरीत केली, पण लक्ष मातीत. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. कॉलेजात बक्षीस मिळालेलं बागकामाचं एक इंग्रजी पुस्तक माझ्याजवळ होतं. त्यातल्या चित्रांत वाफे कसे विंचरल्यासारखे स्वच्छ असायचे. आमच्या बागेत मात्र संक्रांतीच्या आधीच केळीच्या वाळक्या पानांचा ढीग पडायचा. आजोबा नशिराबादच्या बाजूने स्कूटरवर भारा बांधून पाला आणायचे आणि प्रत्येक झाडाखाली वीतभर जाड पसरायचे.

"अहो, बाग आहे की गोठा?" मी म्हणायची.

"हेडमास्तरीणबाई, झाडांची तपासणी नसते," ते म्हणायचे. "पास होतात ती तशीच."

पाण्याची त्यांची पद्धतही ठरलेली होती. संध्याकाळी ऊन उतरल्यावर घालायचं, खोडाशी नाही, तर फांद्यांची सावली जिथे संपते तिथे गोल आळं करून. माती भेगाळायला लागली की खुरप्याने वरवर हलवून भेगा बुजवायच्या. मी हे सगळं पाहिलं होतं. पाला कशासाठी, ते मात्र कधी विचारलं नाही. तो मला पसाराच वाटायचा.

त्या वर्षी संक्रांतीनंतर त्यांची डावी बाजू गेली. धुळ्याच्या दवाखान्यात महिनाभर होतो. परत आलो तेव्हा कुंपणापाशी त्यांनी भावाच्या शेतातून आणून लावलेलं लिंबू पहिल्यांदा फुललं होतं. तीन वर्षं त्यांनी त्याची वाट पाहिली होती. मी त्यांची खाट खिडकीशी लावली. ते हळू बोलायचे, पण स्पष्ट. रोज सकाळी चहाआधी पहिला प्रश्न, "फळ धरलं का?" डॉक्टरांनी त्यांना हात चालवायला सांगितलं होतं, तो ते चालवत नव्हते. जेवणावर मन नव्हतं. त्या झाडाखेरीज त्यांना काही नको होतं, हे मला दिसत होतं.

मग होळी आली. कॉलनीतली मंडळी लाकडं, गोवऱ्या मागायला दारात उभी राहिली. मला वाटलं, दिवसभर खिडकीतून बघतात, तर त्यांच्या डोळ्यांसमोर स्वच्छ असावं. सगळा पाला काढून मी होळीला दिला.

"पाला राहू दे," ते आतून म्हणाले.

"विंचू होतील त्यात."

"अगं, राहू दे."

"मी बघते ना. तुम्ही पडा."

तुम्ही पडा, असं मी म्हणाले. ज्या माणसाला उठताच येत नव्हतं, त्याला.

भारे खिडकीवरून गेले तेव्हा ते बघत होते. मी मात्र वाफे झाडून काढले, आळ्याची कड विटांनी सरळ केली आणि पुस्तकातल्यासारखं झालं म्हणून समाधानाने हात धुतले.

पंधरा दिवसांत माती तडकली. पुढे भेगांत हात कोपरापर्यंत जायला लागला. नळ दोन दिवसांआड यायचा. मी बादल्या ओतायची आणि पाणी त्या भेगांतून खाली नाहीसं व्हायचं. वाटाण्याएवढी धरलेली लिंबं गळायला लागली.

"किती राहिली?" ते विचारायचे.

"अकरा." मग, "सात." मी खरं तेच सांगायची, मला तशी सवय होती.

शेजारच्या बाई दोंडाईच्याच्या. एका सकाळी कुंपणावरून म्हणाल्या, "अक्का, बठ्ठी जमीन उघडी करी टाकी तुम्ही. तिले बी ऊन लागस ना!"

तेव्हा मला कळलं. सगळी जमीनच मी उघडी टाकली होती. वरवरची बारीक मुळं त्या पाल्याखाली गार राहत होती. भेगा पडल्या तशी ती तुटली असणार. मी गोणपाट भिजवून अंथरले, जुनी लुगडी अंथरली. शेजारच्या बाईंनी केळीचा पाला मागवून दिला, तोही पसरला. पानं वळत गेली आणि गळत गेली.

एका सकाळी त्यांनी विचारलं, "किती?"

झाडावर एकही नव्हतं. "चार," मी म्हणाले.

त्यांनी खिडकीतून झाडाकडे पाहिलं. फांद्यांच्या काड्या तिथूनही दिसत होत्या.

"खाट फिरव," ते म्हणाले.

"कुठे?"

"भिंतीकडे."

"तिकडे काय बघणार तुम्ही?"

मी शेजारच्या बाईंना हाक मारली आणि दोघींनी मिळून खाट फिरवली. त्यानंतर त्यांनी झाडाचं नाव काढलं नाही. मला रागावलेही नाहीत. रागावले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. आषाढात ते गेले, त्या भिंतीकडे तोंड करूनच.

तेव्हा तुमच्या वाफ्यात पाला साचला तर काढू नका, कितीही वाईट दिसला तरी. माती झाकलेली ठेवा. मला सांगता येण्यासारखं एवढंच आहे, आणि तेही मी उशिरा शिकले.

कुंपणापाशी मी पुन्हा काही लावलं नाही. रोज सकाळी अंगण झाडते, तेवढी जागा सोडून. शेजारच्या कडुनिंबाची पानं तिथे साचतात. खाली काही नाही, तरी साचू देते.