मसोलीच्या गोडाऊनमधले पाच अल्बम

गाणी ऐकायला म्हणून आम्ही चार टाळकी जमतो आणि लक्षात काय राहतं, तर गाणं चालू असताना कोण कसं वागलं ते! सहा वर्षांत असं इतकं साठलंय की अल्बमची नावं विसरायला होतात. ह्या वर्षीच्या आमच्या पहिल्या पाचांची यादी आत्ता माझ्यासमोर आहे. एक ओळ वाचली की त्या दिवशीचं सगळं आठवतं, आणि वाचणं तिथेच राहतं. हे वर्ष फार हसण्यासारखं नव्हतं, आधीच सांगून ठेवते.

आमची ओळखच मुळी लग्नात झाली. दुसऱ्याच्या! केतनभाईंची मसोलीला साउंड सर्व्हिस आहे. हळद असो, नवरात्र असो, स्पीकर त्यांचेच. बोर्डीकडे एका मांडवात स्पीकर टेस्ट करताना त्यांनी कुणी कधी न ऐकलेला, अगदी शांत असा अल्बम लावला. खुर्च्या मांडणारे ओरडले, "ओ भाई, बंद करा, झोप येते!" पण तीन जण तीन कोपऱ्यांतून उठून त्यांच्याकडे गेले. "हे कोणाचं आहे?"

त्यातली एक मी, वैशाली. घोलवडच्या नर्सरीत चिकूची कलमं बांधते. दुसरे सुनील सर, तलासरीकडच्या शाळेत मास्तर. तिसरा आगरचा जयेश, मामाच्या बोटीवर इंजिन ड्रायव्हर. केतनभाईंनी तिघांकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, "चालो, डहाणूत मी एकटाच येडा नाय!"

नियम अर्थात सरांनी केले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी बारा वाजता केतनभाईंच्या गोडाऊनमध्ये जमायचं. एकच अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधे थांबायचं नाही. संपेपर्यंत जो बोलेल किंवा उठेल, त्याचं त्या वर्षीचं मत बाद. वर्षअखेर पाच निवडायचे आणि सरांच्या वहीत लिहायचे. मी म्हटलं, "सर, हात वर करून पाणी प्यायला जाऊ का?" ते म्हणाले, "आधी पिऊन या."

*

यादीतला पाचवा नंबर म्हणजे नागपूरच्या तीन पोरांचा अल्बम. गिटार साधीच, शब्द मात्र आतून आलेले. सगळी गाणी घर सोडून गेलेल्या माणसांची. आम्ही चौघं माना खाली घालून बसलेलो, आणि तेवढ्यात दारात एक गृहस्थ उभे. मुलीच्या हळदीला डीजे ठरवायला आले होते. केतनभाईंनी तोंड न उघडता हातानेच सतरंजी दाखवली. ते बिचारे चपला काढून बसले.

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सरांकडे. सरांचे डोळे भरलेले. पाच मिनिटांनी ते गृहस्थ उठले, केतनभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "लग्नाचं काय, नंतर बोलू. आधी तुमचे दहा दिवस होऊ द्या."

आणि दुसऱ्याकडे डीजे ठरवून मोकळे झाले!

*

जयेशच्या कानांबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चौघांत खरा कान त्याचाच. इंजिनला काय झालंय ते तो लांबून आवाजावरून सांगायचा. कानात कापूस घाल म्हटलं की म्हणायचा, "इंजिन बोलतं ते मग कोण ऐकणार? तू?"

चार वर्षांपूर्वी मी एका पुण्याच्या बाईंचा अल्बम लावला होता, 'ओटा' नावाचा. एकटी बाई, एक पेटी, घरातच रेकॉर्ड केलेला. संपल्यावर जयेश म्हणाला, "चौथ्या गाण्यात मागे कुकरची शिट्टी आहे."

आम्ही तिघांनी तीनदा ऐकलं. काही नाही! सर म्हणाले, "तुला भूक लागलीय." शेवटी मी त्या बाईंनाच मेसेज केला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "शेजारणीचा कुकर आहे. आम्ही तो तीनदा पुसला होता. कोण आहे हा माणूस?"

तो मेसेज जयेशने बोटीवर सगळ्यांना दाखवला. तेव्हापासून त्याचं एकच टुमणं. "बाईंचा दुसरा कधी येतोय गं?"

*

दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरात फार सांगण्यासारखं नाही. तिसरा सरांनी भांडून घुसवला. दुसरा एका पोराचा होता, इतका सुंदर की आम्ही त्याला लिहून कळवलं, तुझ्या पुढच्या अल्बमची वाट बघतोय. त्याने लिहिलं, "पुढचा नाही. नोकरी लागली. पेटी विकली." केतनभाईंनी ते वाचलं आणि त्याचाच अल्बम परत पहिल्यापासून लावला. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

*

चौथा नंबर माझा. तो लावायच्या दिवशी जयेशने सुरू होण्याआधीच विचारलं, "किती मिनिटांचा आहे?" पुढच्या महिन्यात परत तेच. मनगटावरचं घड्याळ बघायचं, डोळे मिटायचे. संपल्यावर "मस्त" म्हणायचं, बास. पूर्वी हा माणूस एकेका तारेवर भांडायचा! सर चिडले. "तुला भरती गाठायचीय का रे?" तो नुसता हसला.

मग तो एकदा नर्सरीत आला, बहिणीच्या दारात लावायला रोप घ्यायला. त्या दिवशी आमच्या पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलं होतं. सकाळपासून पंप असा काही किंचाळत होता की बायका डोक्याला पदर घट्ट बांधून काम करत होत्या. जयेश पंपाकडे पाठ करून बसला, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "किती शांत आहे गं तुमच्याकडे."

मी खिरणीच्या रोपावर चिकूची काडी बांधत होते. हातातली पट्टी तशीच सुटली.

त्याने माझं तोंड बघितलं आणि त्याला कळलं. म्हणाला, "उजवा गेलाच आहे. डावा थोडा राहिलाय, समोर बसून बोललं तर ओठांवरून कळतं. वलसाडचा डॉक्टर म्हणतो, नस मेली, आता येत नाय."

"मग इंजिन?"

"हात ठेवून ऐकतो." त्याने हाताचा पंजा दाखवला, काळा, तेलकट. "कोणाला बोलू नको, वैशू. बोटीवर कळलं तर मामा इंजिनवरून उतरवेल. आणि गोडाऊनमध्ये कळलं तर तुम्ही मला सांभाळून घ्याल. मला ते जास्त लागेल."

मी शपथ घेतली. एवढ्या घट्ट मनाची बाई मी, शपथ टिकली आठ दिवस! शेवटी राहवेना म्हणून केतनभाईंकडे गेले. त्यांनी मला पूर्ण बोलूसुद्धा दिलं नाही. "बेन, मार्चपासून दर महिन्याला आवाज थोडा थोडा वाढवतोय मी. तुझ्या लक्षात नाय आलं?"

मग आम्ही दोघं सरांकडे गेलो, आता ह्यांना कसं सांगायचं असं म्हणत. सर हल्ली प्रत्येक अल्बमच्या आधी गाण्यांचा क्रम आणि प्रत्येकाची मिनिटं सुंदर अक्षरात कागदावर लिहून आणायचे. आम्हाला वाटायचं, मास्तरकी! सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्हाला वाटलं, तो कागद मी तुमच्यासाठी आणतो?"

म्हणजे तिघांना ठाऊक होतं आणि तिघंही एकमेकांपासून लपवत होतो. ठरलं एवढंच, की चौथ्याला कळू द्यायचं नाही.

*

आणि डिसेंबरमध्ये त्या पुण्याच्या बाईंचा दुसरा अल्बम आला. चार वर्षांनी! नाव 'दुसरी खोली'. निवड जयेशची. शेवटचा रविवार. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मी म्हटलं, "नवरदेव!" त्याने सरांचा कागद घेतला, नीट वाचला, घडी करून खिशात ठेवला. अडतीस मिनिटं. घड्याळ बघितलं, डोळे मिटले. अँपकडे त्याची पाठ होती.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. बाई काय गात होती, काय सांगू! तिसरं गाणं अर्ध्यात आलं आणि लाइट गेली.

अँपचा लाल दिवा विझला. आवाज बंद. शटर उघडंच होतं, त्यामुळे उजेडात काही फरक पडला नाही. थंडीचे दिवस, पंखाही चालू नव्हता. केतनभाई जनरेटरकडे जायला अर्धे उठले. तेवढ्यात त्यांची नजर जयेशच्या हातावर गेली.

त्याचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं.

केतनभाई खाली बसले. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे. मग सरांनी डोळे मिटले. मीही मिटले. नियम आहे ना! संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही.

लांबून गाडी गेल्याचा आवाज आला. रस्त्यावर सुकटवाली बाई कुणाशी तरी भावावरून भांडली. मागच्या चाळीत कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, भाताचा वास आला. मी डोळे जरा उघडले, तर केतनभाईंच्या गालावरून पाणी खाली येत होतं आणि ते पुसायलासुद्धा त्यांनी हात हलवला नाही. मी सहा वर्षांत एवढं मन लावून काही ऐकलं नव्हतं.

मधे दोनदा जयेशने डोळे किलकिले करून मनगटाकडे बघितलं आणि परत मिटले. कुठे बोट हळू चालायचं, कुठे भरभर. एकदा बराच वेळ थांबलं. मग परत सुरू झालं.

अडतीस मिनिटं झाली. जयेशने डोळे उघडले, मोठा श्वास घेतला आणि आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं. सरांनी वही उघडली आणि त्याच्यासमोर बसून, एकेक शब्द सावकाश म्हणत विचारलं, "जयेश, तुझं मत?"

"एक नंबर, सर. लिहा." तो हसला. "आणि बाई सुधारली, बरं का. ह्या वेळी कुकर नाय वाजला."