शिरवळचं एन्झाईम आणि मालनताईंचा नकार

डॉ. मालनताई गोरड यांची आणि माझी पहिली भेट झाली ती हात धुण्याच्या नळापाशी. शिरवळच्या कारखान्यात पहिल्या दिवशी मी उंब्रजहून इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. सुती साडीवर पांढरा कोट घातलेल्या एका बाईंनी विचारलं, "हात धुतलं का?" म्हटलं, आत्ताच, बाहेर. "मग हे दार कुनी उघडलं?" मी नळाकडे परत गेलो. त्या आमच्या विभागप्रमुख आहेत, हे मला दुपारी डबा खाताना कळलं.

ताईंच्या निवृत्तीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीतल्या एका सद्गृहस्थांनी मला फोनवर सुचवलं की, 'प्रोस्टेट' हा शब्द टाळता आला तर बरं. पुस्तक घराघरांत जाणार, असं त्यांचं म्हणणं. मी तो टाळणार नाही. ज्या कामात ताईंची उमेदीची वर्षं गेली, त्याचं नाव घ्यायला लाजायचं असेल तर गौरव तरी कशाचा करायचा? प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्यात जे एन्झाईम तयार होतं, ते ताई प्रयोगशाळेत तयार करतात. माणसाचा तो जीन दुसऱ्या पेशींत घालायचा, त्या पेशी वाढवायच्या आणि एन्झाईम त्यांच्याकडून करून घ्यायचं. काचेच्या कुप्यांत भरलेला हा माल औषध म्हणून कुणाला देत नाहीत. प्रोस्टेटच्या आजारांवर संशोधन करणारी माणसं तो वापरतात.

ताईंच्या गावी, वडूजला, भावकीच्या पंगतीत एका म्हाताऱ्या तात्यांनी ताईंना हटकलं होतं, "मालन, बाईमानसानं असलं काम करावं व्हय गं?" ताई म्हणाल्या, "तात्या, रातच्याला किती येळा उठताय ते आधी सांगा." पंगत हसली. पण पुढच्याच आठवड्यात ताईंनी रजा टाकली आणि त्यांना स्वतः साताऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. आज तात्या ठणठणीत आहेत आणि ताईंचं काम सगळ्या गावाला समजावून सांगतात, बरंचसं चुकीचं.

ताई काय चीज आहेत हे मला कळलं ते पहिला माल तयार झाला तेव्हा. तो आम्ही जिवाणूंकडून करून घेतला होता. हायवेच्या कडेच्या शेडमध्ये असलं काही होत नसतं, परदेशातून मागवा, असं मोठ्या शहरातले सल्लागार सांगून गेले होते. त्यामुळे माल शुद्ध निघाला तेव्हा आम्ही हवेतच होतो. ताईंनी शेवटची चाचणी लावली. एन्झाईम काम करत असेल तर बिनरंगी पाणी अखेरीस पिवळं होतं. आम्ही थांबलो. पाणी पाण्यासारखंच राहिलं. जिवाणूंनी एन्झाईम बनवलं होतं, पण त्याच्या रेणूची घडी नीट बसवली नव्हती, म्हणून ते काम करत नव्हतं.

व्यवस्थापक म्हणाले, "गिऱ्हाईकाने शुद्धता मागितली आहे. काम करतं का, हे विचारलेलंच नाही. पाठवून द्या." माल गेला नाही तर विभाग बंद होणार होता आणि आम्ही सहाजण घरी बसणार होतो. माझं लग्न ठरलेलं. आज सांगायला लाज वाटते, पण मीही म्हणालो, "ताई, पाठवू या. कागदावर खोटं काहीच नाही."

ताई माझ्याकडे वळल्या. "आमच्यात शेळी इकताना धार काढून दावत्यात. धार न्हाई, तर शेळी किती का देखणी असंना, बाजारातनं माघारी आणायची." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कुठंतरी एखादी पोरगी ह्याच्यावर दोन वर्सं घालवंल रं, आन म्हनंल माझ्याच हाताला येत न्हाई."

त्या उठल्या, सगळा माल त्यांनी व्यवस्थापकांसमोर निकामी करून ओतून टाकला आणि म्हणाल्या, "आता पाठवा काय पाठवायचं ते."

पाठवायला काही उरलंच नाही म्हटल्यावर व्यवस्थापकांनी गिऱ्हाईकाकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. किड्यांच्या पेशी वापरून पुन्हा सुरुवात केली. एकदा बुरशी लागली, एकदा पेशीच मेल्या. दसऱ्याच्या आधी एका दुपारी नळीतलं पाणी भंडाऱ्यासारखं पिवळं झालं. आम्ही ओरडलो. ताईंनी तीच चाचणी आणखी दोनदा लावली आणि मगच चहा मागवला.

आता साठी पूर्ण करून ताई निवृत्त होत आहेत. त्यांच्यामागे ही चाचणी दर वेळी न लावता अधूनमधून लावावी, असं वर घाटत आहे. त्यांची खुर्ची मला मिळणार आहे आणि मी समजूतदार आहे, असा वरच्यांचा समज आहे. माझा इतिहास पाहता तो अगदीच चुकीचा नाही. म्हणूनच इथे, छापील अक्षरांत, चारचौघांसमोर लिहून देतो: मी असेतो चाचणीशिवाय एकही कुपी फाटकाबाहेर जाणार नाही. ज्यांना हे चालणार नसेल त्यांनी आत्ताच दुसरा माणूस शोधावा.

ताई, तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य लाभो, असं इथे सगळेच म्हणतील. मी ते स्वार्थाने म्हणतो. खूप जगा, धडधाकट राहा, आणि मी कधी नमलो असं कानावर आलं तर शिरवळला येऊन सगळ्यांदेखत मला झापा. तुमची बोलणी खायला मी तयार आहे; तुमच्यासमोर मान खाली घालायला नाही.