बुंदाची टरफलं

इकडची, म्हणजे माझ्या यजमानांची, नोकरी एडनच्या सरकारी कचेरीत होती, म्हणून लग्नानंतरची माझी काही वर्षं तिथेच गेली. पुढे ठाण्यास बदली झाली. नौपाड्यातल्या सासरच्या घरात पाऊल टाकण्याआधी आम्हां दोघांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. समुद्र ओलांडला, हा अपराध! पंचगव्य मी मुकाट्यानं घेतलं. पण एडनला जिभेला लागलेलं एक पेय त्यानं काही सुटलं नाही.

तिथे शेजारची अरब बाई बुंदाची, म्हणजे कॉफीच्या फळाची, वाळकी टरफलं सुंठ घालून उकळायची. दाणे विकायला आणि टरफलं घरात, अशी तिकडची रीत. माझ्या बाळंतपणात माहेरचं कुणी जवळ नव्हतं. दारात बसून तिनं मला ते करायला शिकवलं, ते प्यायले तेव्हा कुठे मला जरा तरतरी आली.

ठाण्यात देवळातून येताना मी वाण्याच्या दुकानापुढे थांबून विचारलं. तो हसला. “बाई, टरफलं गुरांना घालतात!” बरोबरच्या बायकाही हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्याच दुकानात काबूलचा हिंग होता, जंगबारची लवंग होती, बसऱ्याचा खजूर होता. त्यांना कुणी हसत नव्हतं.

कल्याणच्या एका मुसलमान व्यापाऱ्याची गलबतं एडनला जात. कचेरीच्या कामाला इकडून कल्याणला जाणं झालं, तेव्हा माझ्यासाठी टरफलांचं पुडकं आलं. मी ते उघडते आहे तोच आत्याबाई आल्या. ह्या सासऱ्यांच्या विधवा बहीण. घर त्यांच्याच मुठीत.

“काय गं ते?”

“एडनची टरफलं, आत्याबाई.”

“म्लेंच्छाच्या घरचं? आणि या चुलीवर?” त्यांनी पदराआडून पुडकं उचललं आणि परसात शेणाच्या खड्ड्यात भिरकावलं.

इकडची स्वारी अंगरख्याचे बंद बांधत उभी होती. बंद बांधून झाले आणि ती कचेरीला निघाली!

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आत्याबाईंच्या फराळाचा खजूर फडताळात होता. ती बरणी मी त्यांच्यापुढे आणून ठेवली.

“हा खजूर कसा आला? समुद्रावरूनच ना? ह्यानं प्रायश्चित्त कुठे घेतलं?”

“पुरे,” इकडून दटावणं झालं.

“पुरे कसं? एडनला दुसरा पेला कोण मागत होतं, तेही सांगावं!”

वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याला असं बोललेली मी त्या घरातली पहिलीच सून असेन. आत्याबाईंनी ती एकादशी नुसत्या पाण्यावर काढली, आणि त्यांना उपाशी ठेवल्याचं पातक माझ्या माथी आलं. कितीतरी दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

मग एके दिवशी कल्याणहून दुसरं पुडकं आलं. आत्याबाईंच्या देखत ते माझ्या हातात देऊन इकडून सांगणं झालं, “हे घरात राहील.” आत्याबाई म्हणाल्या, “राहू दे. माझ्या चुलीवर नको.”

म्हणजे मला मागच्या ओटीवर वेगळी चूल, वेगळं भांडं. लोक म्हणाले, नशीबवान आहेस, नवऱ्यानं बाजू घेतली. घेतली खरी, पण माझ्या तोंडात काय जावं याला दोघांची परवानगी का लागावी? हा राग आजही गेलेला नाही.

मी भर दुपारी ओटीवर बसून ते प्यायची. शेजारणी कुंपणावरून डोकावत. मी त्यांच्याकडे पाठ करून कधी बसले नाही.