तेराव्या शिखराची साक्ष

डोंगरालासुद्धा न्याय मिळायला हवा, असं मानणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो माझ्या घरमालकाचा मामा होता. कोर्टातल्या कारकुनीतून निवृत्त झालेले हे मामा हिवाळ्यात दर रविवारी सकाळी बुलढाण्याच्या घाटमाथ्यावरची टेकडी चढत. कानाला मफलर, काखेत जाड पुठ्ठ्याची वही. खाली मलकापूरकडचं सपाट रान आणि पार पलीकडे, हवा स्वच्छ असली तर, सातपुड्याची निळी रांग. तिच्यातली शिखरं ओळखायची, हे मामांचं काम. कुणी नेमलेलं नाही, पगारी तर नाहीच; पण या जिल्ह्यात नीट चाललेलं काम तेवढं एकच होतं, हे मी लिहून देतो. एखादा पाहुणा हात लांब करून "तो बघा सातपुडा" म्हणाला की मामा खवळत. "सातपुडा हे आडनाव झालं हो. नाव सांगा!"

पद्धत कोर्टाची. पायथ्याच्या दोघांनी एकमेकांना न विचारता तेच नाव सांगितलं, तरच ते वहीत पक्कं. दोघांचे अंगठे, खाली 'माझ्यासमक्ष' आणि मामांची सही. त्यासाठी ते एस.टी. बदलत पार सोनाळ्याच्या बाजाराला जात. एकदा मी सोबत होतो. भाजीवाल्यापुढे मामांनी वहीतलं शिखराचं चित्र धरलं. "बैलखांदा," तो म्हणाला. त्याची बायको डोंगरापलीकडच्या गावची. ती फणकारली, "कायचा बैलखांदा! आमी पागोटं म्हन्तो त्याले."

"तुह्या माहेराले उलटंच दिसते समदं!"

वांगी राहिली बाजूला, भांडण पेटलं. मामांनी भाजीवाल्याचा अंगठा तेवढा घेतला आणि "तहकूब!" म्हणून वही मिटली. बारा शिखरं झाली होती, हे तेरावं. "थे झालं का मी मोकळा," असं ते म्हणत.

तेवढ्यात टेकडीवर सरकारी पाटी लागली. 'सातपुडा पर्वत', आणि एक बाण. तेरा शिखरांना एक बाण! माझं डोकं फिरलं. मी तेव्हा पाण्यावर, रस्त्यावर, रेशनवर पत्रकं काढत असे, यावरही एक काढलं, वहीतल्या शिखरांची यादी देऊन. अर्धवट यादीला साहेबलोक हसले असते, म्हणून तेराव्यापुढे बेधडक 'बैलखांदा' छापलं.

मामांनी पत्रक वाचलं. ओरडले नाहीत, नुसते ओट्यावर बसले. "एका साक्षीवर कोर्ट माणसाले दोषी धरत नाही. तू डोंगराले काऊन धरून राह्यला?"

"मामा, कोण पाहतंय?"

"मी पाहून राह्यलो ना बे."

टाक-दौत घेऊन ते एकेका प्रतीवरचं तेरावं नाव खोडू लागले. तासाभरानं मीही दुसरा टाक उचलला.

पुढच्या पावसाळ्यात मामा गेले. पाटी आहे तशीच आहे. यंदाच्या हिवाळ्यात मामींकडून वही मागून घेतली आणि सोनाळ्याला गेलो. गुरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला चित्र दाखवलं. "बैलखांदा व्हय थो," तो सहज म्हणाला. भाजीवाल्याच्या अंगठ्याशेजारी त्याचाही अंगठा घेतला. मग 'माझ्यासमक्ष'खालच्या रिकाम्या जागेपुढे टाक हातात धरून नुसताच बसलो. पत्रकाखाली सही ठोकताना मी कलेक्टरलाही भ्यालो नाही. इथं हात धजेना.

"सही करा ना," म्हातारा म्हणाला.

"सही करणारे यायचे आहेत, बाबा."

त्यानं काठीनं एक गाय वळवली. "येऊ द्या," तो म्हणाला, "डोंगर काई कुठी जात नाई."