थांबलेल्या ड्रमचा मिस कॉल

माणिकदादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी हिंगोलीत बेअरिंग घेत होतो. दुकानदाराने विचारलं, "कोण होते?" मी म्हणालो, "मोठे भाऊ." तेवढंच बोललो... ज्यांनी मला काम शिकवलं आणि ज्यांना मी चार गिऱ्हाइकांसमोर मशीनपासून उठवलं, ते भाऊ, हे दुकानात उभं राहून सांगता येत नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

डोंगरकड्यात आमचं वर्कशॉप आहे. लेथ, वेल्डिंग, आणि हळदीच्या दिवसांत पॉलिशचा मोठा ड्रम. शिजवून वाळवलेली हळद त्यात फिरवली की तिची साल घासून निघते. वर्षानुवर्षं या आवाजात राहून दादांचे कान गेले. ते चौकटीवर तळहात ठेवून ड्रमची चाल ओळखत. पण हात उचलला की काही कळत नसे. एकदा ड्रम अडकला, पट्टा जळून तुटला, आणि दादा पाठमोरे बसून बोल्ट निवडत होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी ओरडलो, "दादा, बहिऱ्या माणसाचं हे काम न्हाई. घरी बसा तुमी." त्यांना ऐकू आलं नसेल, अशी मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घातली. पण दादांना ओठ वाचता येत होते.

दादा घरी बसले नाहीत. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसू लागले, आणि मोबाईल दुरुस्त करणाऱ्या अजीमला त्यांनी धरलं. "शेतातली मोटर बंद पडली की मालकाला मिस कॉल येतो. मंग ड्रमचा काहून येऊ नये?" दोघांनी जुना मोबाईल आत बसवून एक डबा तयार केला आणि मोटरच्याच लाइनवर जोडला. दुसऱ्या दिवशी करंट गेला, ड्रम थांबला, आणि त्याच्याबरोबर डबाही मेला. मी हसलो, "दादा, रखवालदारच झोपला की." त्यांनी डब्याला मोटरसायकलची जुनी बॅटरी जोडली. मग ड्रमला जुन्या स्पीकरमधलं चुंबक चिकटवलं. ते डब्यासमोरून फिरत राहिलं तर ठीक; फेरा चुकला की डबा फोन लावणार. दादांच्या खिशात फोन थरथरणार.

ऐन हंगामात ड्रम भरलेला होता, लेथ चालू, ग्राइंडर चालू. मी शेजारीच एका शेतकऱ्याशी बोलत होतो. दादा रस्ता ओलांडून धावत आले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. मी चिडलो. "काय करून राहिले? चालू हाय की सगळं." दादांनी ड्रमकडे बोट दाखवलं. ड्रम कधीचा अडकून उभा होता. नुसती मोटर घुमत होती, पट्टा जागच्या जागी घासून धूर सोडत होता, आणि खाली बारदानाची थप्पी होती. अजून थोडा वेळ गेला असता तर आज लिहायला वर्कशॉप उरलं नसतं. आम्हा सगळ्यांचे कान शाबूत होते, आणि मोटरच्या आवाजावर आम्ही निश्चिंत होतो.

दादा दम घेत म्हणाले, "बालाजी, तुझे कान बराबर हायेत ना? डाक्टरला दाखव एकदा."

सगळे हसले. मीही हसलो. मग दादांचं स्टूल मी स्वतः उचलून ड्रमपाशी ठेवलं. माफीचा शब्द मात्र निघाला नाही... नुसते ओठ हलवले असते तरी त्यांना कळलं असतं.

त्यानंतर गावातल्या वर्कशॉपवाल्यांनी, गिरण्यांनी, अगदी नरसीच्या एका डाळमिलवाल्यानेही दादांकडून डबे बसवून घेतले. प्रत्येक डब्यात मालकाचा नंबर पहिला आणि दादांचा दुसरा. "मालक जेवायला बसला असंल तर?" असं म्हणायचे, आणि फोन थरथरला की निघायचे.

राख सावडायच्या दिवशी त्यांचा फोन माझ्या खिशात होता. त्या वेळेला डबे बसवलेल्या सगळ्यांनी आपापली मशिनं थांबवायचं ठरवलं होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. फोन छातीपाशी थरथरला. थांबला, पुन्हा थरथरला... मग थांबेचना. एकामागून एक नावं येत होती. ज्यांना मी बहिरे म्हणून उठवलं, त्यांना एवढी मशिनं आपण थांबल्याचं कळवत होती. अजीम रडत रडत हसत होता. मी त्या भरल्या गर्दीत, आवाज न करता, ओठांनी माफी मागितली.

तो नंबर मी बंद केलेला नाही. परवा नरसीहून मिस कॉल आला. चहा तसाच ठेवला आणि निघालो.