दारावरचं भुकेलं रोप

मिरजगावात हायवेच्या कडेला, ढाब्याला लागूनच गनीभाई पेंटरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे आणि रंगाचे डबे. उभा जन्म गनीभाईंनी लोक सांगतील तसे गाड्यांवर मोर, गुलाब, कमळं काढली. ओल्या रंगाला किडे चिकटले की ब्रशच्या टोकानं ते उचलायचे आणि त्यांना शिव्या घालायच्या, हाही धंद्याचाच भाग.

गोरक्ष बेकरीचा माल वाहतो. त्यानं आपला बंद टेम्पो आणून लावला. "चाचा, कुठल्याच गाडीवर नसंल असं कायतरी काढा."

गनीभाई मागच्या दोन दरवाजांकडं बघत राहिले. दरवाजे मिटले की मधे उभी फट राहते. तिच्यावरून त्यांचा ब्रश आजवर कितीदा फिरला असेल. आज ती ओठांसारखी दिसली.

मग हात थांबेना. जांभळं आभाळ, दोन चंद्र, राखेसारखी माती. आणि त्या मातीतून दोन्ही दरवाजे व्यापून वर आलेलं एक रोप. पानांच्या कडांना पापण्यांसारखे केस, मधे उघडा घसा. ब्रश ठेवून ते मागं सरले, तेव्हा हे आपल्याच हातून उतरलंय हे त्यांना खरं वाटेना.

संध्याकाळी गोरक्ष आला. "हे काय हाय?"

"दुसऱ्या ग्रहावरचं रोप. जित्ती शिकार धरून खातं."

"मंग शिकार कुठाय?"

गनीभाईंनी वळून पुन्हा चित्र न्याहाळलं. त्या जगात काय उडतं, काय सरपटतं, ते त्यांना दिसलंच नव्हतं.

"उपाशी दिसतंय चाचा. हे बघून टोस्ट कोन घेईल? सकाळी पुसा अन् कमळ काढा."

तो गेल्यावर गनीभाईंनी लाल डबा उघडला. पुसायचंच आहे, तर निदान घसा तरी लालभडक असू दे. जाडसर हात मारला. ढाब्याचा दिवा नेमका त्या लालावर पडत होता.

सकाळी ते थिनर आणि फडकं घेऊन आले, आणि हात तसाच राहिला. बाकीचा रंग वाळला होता, तिथं काही नव्हतं. घशात मात्र पावसाळी किड्यांची दाटी. मधोमध एक मोठा पतंग. त्याचा एक पंख अजून हलत होता. सवयीची शिवी ओठावर आली आणि विरून गेली.

"पुसलं न्हाई अजून?" म्हणत गोरक्ष जवळ आला आणि थबकला. "चाचा... खाल्लं की वो यानं."

"व्हय."

कडीकडं गेलेला हात गोरक्षनं मागं घेतला. "आता दार उघडायचं कसं?"

"काढू का किडे? कमळ..."

"हात लावू नका!"

टेम्पो चालू झाला. गनीभाई मागून ओरडले, "आरं, 'अंतर ठेवा' लिहायचं राहिलं!"

"आता कशाला?"

फडकं हातात धरून ते रस्त्यावर उभे राहिले. पहिल्या गतिरोधकावर दरवाजे किंचित हलले, आणि रोपानं आवंढा गिळलेला गनीभाईंना स्पष्ट दिसला.